आबांचा डाव

रस्त्याच्या कडेला मातीच्या घागरी उतरल्या की जळगावात आखाजी जवळ आली असं समजायचं. पंचांग बघावं लागत नाही. काल कॉलेजातून परत येताना नाक्यावरच्या कडुनिंबाखाली लाल घागरींची रास दिसली. कुंभारीण एकेक घागर बोटाच्या पेराने वाजवून दाखवत होती आणि तो टणक, कोरडा आवाज उन्हातून माझ्यापर्यंत येत होता. गाडी बाजूला लावून मी थोडा वेळ तिथे उभी राहिले. ऊन असं होतं की डोक्यावरचा रुमालसुद्धा तापलेल्या तव्यावरून उचलल्यासारखा वाटत होता. पण ह्या उन्हाचा मला राग येत नाही. माझ्या आयुष्यातला एक उन्हाळा असा गेला आहे, की तेव्हापासून वैशाखाची झळ तोंडावर आली की छाती थोडी पुढे येते.

अक्षय तृतीयेला लोक सोनं घेतात. जळगावातही घेतात, सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण आम्ही खान्देशी माणसं त्या दिवसाला आखाजी म्हणतो, आणि आखाजीला आम्ही खेळतो. शेतातली कामं उरकलेली असतात, नवी लागायला अवकाश असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, आणि पुरुष माणसं सावली बघून पत्त्यांचा डाव मांडतात. वर्षभर ज्याला घरातले नावं ठेवतात, तेच त्या दिवसांत उघड्यावर, सगळ्यांच्या देखत चालतं. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांना खेळायची परवानगी वर्षातून एकदाच मिळते की काय.

मी ती परवानगी वर्षभरासाठी घेऊन टाकली आहे.

माझ्या बैठकीच्या खोलीत साड्यांच्या कपाटापेक्षा मोठं एक कपाट आहे. त्यात खेळ आहेत. एका खेळात शेती वाढवायची असते, एकात सगळ्यांनी मिळून साथीचा रोग थोपवायचा असतो, एकात नकाशावर रेल्वेचे मार्ग टाकायचे असतात. डबे, पुठ्ठ्याचे पट, लाकडाच्या सोंगट्या, आणि कापडी पिशवीत वेगवेगळ्या आकारांचे फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलेलं नाही. त्यामुळे ह्या कपाटाची कारणमीमांसा लोकांनी आपापल्या परीने करून ठेवली आहे. "मूलबाळ नाही ना, म्हणून असले छंद," असं एक शेजारीण दुसरीला जिन्यात सांगत होती. मी वरून उतरत होते. मी त्यांना म्हटलं, "काकू, रविवारी दुपारी या की, चौथ्या माणसाची जागा रिकामी आहे." त्या आल्या नाहीत. ती चौथी जागा कोणाची होणार आहे, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आम्ही तिघं खेळायचो. एक पंकज. त्याच्या घराण्याचं भांड्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून पितळ, तांबं आणि आता स्टील. दुसरी मंगला, धुळे आगारात एसटी कंडक्टर. ती साक्री तालुक्यातली, पिंपळनेरच्या बाजूची. सुटी मिळाली की सकाळच्या गाडीने जळगावला यायची आणि दारातूनच ओरडायची, "चला, तिकीट काढा!" तिसरी मी. आम्हा तिघांचा सगळ्यात लाडका खेळ होता तो कपाटातल्या कुठल्याच डब्यात मावत नाही. त्याला आम्ही नुसतं 'गोष्ट' म्हणतो. एक जण सूत्रधार होतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र आता काय करील ते आपण ठरवतो. जमेल की नाही अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. एवढंच. पण त्या एवढ्यातून काय काय उभं राहतं, हे बसल्याशिवाय कळत नाही.

आमची गोष्ट इथलीच होती. पंकजने नकाशा काढला होता. मध्ये तापी, वर सातपुडा, आणि कापसाच्या गाठी बैलांवर लादून बऱ्हाणपुराकडून सुरतेला निघालेला जुन्या काळचा एक तांडा. मंगला तांड्याची वाटाडी होती आणि तिची वाटाडी फक्त अहिराणी बोलायची. मी होते औषधी पाल्याची जाणकार. तिच्या औषधाने एक बैल कायमचा झोपला होता.

आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत ड्रायव्हर होते. भुसावळला रेल्वेची माणसं ज्या आवाजात बोलतात तो आवाज इंजिनाच्या घरघरीवर मात करायला घडलेला असतो. आबांचा तर त्यातही वरचा. ते अंगणात बोलले की मागच्या गल्लीतल्या माणसाला आपल्याला हाक मारली असं वाटायचं. इंजिनात शेजारी बसलेल्या सहायकाला प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने सांगायचा आणि त्याच्याकडून ऐकायचा, ही नोकरीतली सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. आईबरोबर बाजारात जातानाही ते सांगायचे, "पुढे खड्डा." आईने उलट "खड्डा" म्हटलं नाही, तर थांबून राहायचे.

एकदा मी भुसावळला जाताना रेल्वेमार्गांचा तो खेळ घेऊन गेले होते. आबांनी पट पाहिला आणि पाच मिनिटांत खेळ बाजूला ठेवून पटाचीच झडती सुरू केली. "हे वळण कोणी दिलं? इथे गाडी उलटंल ना बाप्पा! अन् ह्या स्टेशनाला गाडी बाजूला घ्यायची लूप लाईन कुठंय?" मी म्हटलं, "आबा, हा खेळ आहे." ते म्हणाले, "खेळ आहे म्हणून काय गाडी पाडायची?" तो डाव आम्ही पुरा केला नाही, पण दिवसभर हसत होतो.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात आणि पाय दुबळे झाले, आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे समजही गेली, असं लोक धरून चालतात. आबांना सगळं समजत होतं. पेपर पुढे धरला तर डोळे ओळींवरून फिरायचे, बातमी वाईट असली तर भुवई चढायची. पण मनातला शब्द तोंडापर्यंत येईना. यायचा तो भलताच यायचा. पाणी मागायला जावं आणि तोंडून 'खिडकी' निघावं. स्वतःचा चुकीचा शब्द स्वतःलाच ऐकू येत होता, म्हणून मग त्यांनी बोलणंच सोडलं. भेटायला येणारे त्यांच्या समोर बसून त्यांच्याबद्दल आईला विचारायचे. "जेवतात का? झोप लागते का? ओळखतात का?" आबा एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. काही दिवसांनी तेही थांबलं. ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

त्या उन्हाळ्यात मी दोघांना जळगावला माझ्याकडे घेऊन आले. इथे वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. चांगल्या होत्या, चिकाटीच्या होत्या. त्या चित्रांचे पत्ते समोर ठेवायच्या. हा आंबा. ही गाय. सांगा, ही कोण? आबा पत्ता बघायचे आणि डाव्या हाताने पालथा घालायचे. बाईंचं काही चुकत नव्हतं, उपचाराची पद्धतच ती होती. पण ज्या माणसाने पावसात, धुक्यात अवजड मालगाड्या हाकल्या, त्याला गाय ओळखत बसणं झेपत नव्हतं. बाई मला बाहेर येऊन म्हणाल्या, "शब्द परत येतात हो, थोडेफार येतात. पण त्यांना कशासाठी तरी बोलावंसं वाटलं पाहिजे. आणि सुरुवातीचे हे महिने पुन्हा मिळत नाहीत."

मी पंकजला आणि मंगलाला फोन केला आणि सांगितलं, आता काही दिवस जमायचं नाही, घरात आबा आहेत. पंकज म्हणाला, "आबा आहेत म्हणून नाही जमायचं? आम्ही काय दंगा करतो?" मंगला पलीकडून बसच्या गोंगाटात ओरडली, "मी तर आबांनाच भेटायला येणार!"

जळगावातली चैत्रातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. गच्चीवर आईने वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या घटकेत कडकडीत होतात. घरात कूलरचा आवाज, वाळ्याचा ओला वास, आणि पडद्याच्या फटीतून आत आलेली उन्हाची एक पांढरी पट्टी. त्या रविवारी आम्ही त्या पट्टीच्या अलीकडे टेबल मांडलं. आबा कोपऱ्यात आपल्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. आम्ही खेळू लागलो, पण कोणाचा आवाज नेहमीसारखा लागेना. आजारी माणसाच्या घरात हळू बोलायची सवय लागते, तसं झालं होतं.

तांडा एका घाटाच्या तोंडाशी आला होता. मंगलाने फासा टाकला. तो टेबलावरून उडाला, फरशीवर गडगडत गेला आणि आबांच्या पायाला लागून थांबला. मी उठायला गेले. पण आबा वाकले. हळूहळू, डाव्या बाजूने, खुर्चीच्या हाताला धरून. त्यांनी तो फासा उचलला, डोळ्यांजवळ धरला, फिरवून फिरवून त्याच्या सगळ्या बाजू पाहिल्या. आणि खुर्ची थोडी वळवली.

पंकजने फासा परत मागितला नाही. तो सूत्रधार होता आणि सूत्रधाराच्याच आवाजात, गोष्ट न मोडता, म्हणाला, "घाटाच्या माथ्यावर कोणीतरी उभं आहे. तांडा त्याच्याकडे बघतो आहे. आबा, तुम्ही कोण?"

आणि तो थांबला. मला वाटतं, कित्येक महिन्यांत आबांना कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं की अरे, त्यांना बोलता येत नाही. मी ओठ दाबून धरले.

आबांनी नकाशाकडे पाहिलं. डावा हात उचलून घाटाच्या माथ्यावर बोट ठेवलं. मग तोच हात कपाळावर आडवा धरून लांबवर बघितल्यासारखं केलं.

"पहारेकरी?" पंकज म्हणाला.

आबांनी मान हलवली. हो. मग बोट ओठांवर ठेवलं.

"पहारेकरी बोलत नाही," पंकज म्हणाला. "बरं. पण आबा, मला एक सांगा. त्याला बोलता येत नाही, की त्याला बोलायचं नाही?"

आबांनी पंकजकडे नीट रोखून पाहिलं. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली. दुसरं. बोलायचं नाही.

मंगलाला हसू फुटलंच. "आरे बापरे! हाऊ तं खडूस शे!" आणि आबा हसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, पण ते हसले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून आबा आमच्या टेबलावरचे चौथे झाले.

सुरुवातीला सोपं नव्हतं. मंगलाला घाई असते. बसमध्ये गर्दी चढवणं-उतरवणं करून तिचा स्वभावच तसा झालाय. आबांना काय म्हणायचंय ते कळायच्या आत ती तीन पर्याय सांगून मोकळी व्हायची. "आबा, जावानं का थांबानं? का आग लावानी? का पळानं?" आबांनी एकदा टेबलावर थाप मारली. मंगला चमकली. मग त्यांनी डावा हात डोक्याच्या वर सरळ उचलला आणि तसाच धरून ठेवला. मला ते ओळखीचं वाटलं. लहानपणी यार्डात त्यांना डबा द्यायला जायचे तेव्हा रुळांकडेची माणसं असे हात करायची. मी म्हटलं, "मंगला, हा सिग्नल आहे. थांब म्हणतायत." आबांनी मान डोलावली. मग हात आडवा, स्थिर धरला: चल. मग वर-खाली हलवला: सावकाश चल.

मंगलाचे डोळे चमकले. तिने पाण्याचा पेला पुढे ओढला आणि चमच्याने त्याच्यावर एक टोला मारला. "आबा, आमच्याकडे एक टोला म्हणजे थांब." मग दोन टोले मारले. "डबल म्हणजे जाऊ द्या." आबांनी तिच्या हातातला चमचा घेतला आणि पेल्यावर दोन टोले मारले. रेल्वे आणि एसटीची सोयरीक झाली. त्यानंतर त्या दोघांचं जे काही सुरू झालं त्यात आम्हा बाकीच्यांना प्रवेश नव्हता.

पहारेकऱ्याला बोलायचं नव्हतं म्हणून आम्ही सगळेच बघायला शिकलो. त्याच्या भुवया, खांदा, डाव्या हाताची बोटं. एकदा दरोडेखोर तांड्याच्या मागावर होते. आम्ही तिघं काय करावं म्हणून वाद घालत होतो. आबांनी काड्यापेटी मागितली, आईने ती आणून दिली. एक काडी त्यांनी नकाशावर घाटाच्या एका टोकाला ठेवली, दुसरी लांब, दुसऱ्या डोंगरावर. मग खांद्यावरचा पंचा घेऊन तांड्याच्या सोंगट्यांवर झाकला. आम्हाला काही कळेना. ते पुन्हा पुन्हा त्या लांबच्या काडीवर बोट ठेवत होते. वैतागले नाहीत, हे मी पाहत होते. चित्रांच्या पत्त्यांवर वैतागणारा माणूस इथे आम्हाला समजावण्याची पराकाष्ठा करत होता. शेवटी आईच बोलली. ती कोपऱ्यात कैऱ्या चिरत बसली होती. "अहो, ते म्हणू राहिले की जाळ तिकडं करा अन् जा इकडून. चोर जाळाकडं जातील."

आबांनी आईकडे पाहून हात आडवा, स्थिर धरला. चल. आईचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता यायचं नाही. पंकजने फासा आबांपुढे सरकवला. आकडा मोठाही आला नाही, लहानही नाही. निम्मे दरोडेखोर फसले, निम्मे आले. मग जी धांदल झाली ती झाली. पण सूर्य कलू लागला, पंकजला चौविहार असतो, दिवस मावळायच्या आत त्याला घरी जेवायला पोचायचं होतं, आणि आबा त्याची बाही सोडेनात. गोष्ट अर्धी टाकून कोणी जायचं नव्हतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी वाचेच्या बाई घरी आल्या, तेव्हा आबांनी स्वतः नकाशा पुढे ओढला. बाई हुशार, त्यांनी गायीचे पत्ते पिशवीतच ठेवले. त्या नकाशावर बोट ठेवून विचारू लागल्या, ही कोणती नदी? आबांच्या ओठांची खटपट सुरू झाली. "ता," ते म्हणाले. "ता." पुढचं अक्षर त्या दिवशी आलं नाही. पण 'ता' खिडकीचा नव्हता, तापीचाच होता.

मग आखाजी आली.

माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आखाजीची माहेरवाशीण होण्याचा मान मला कधी मिळाला नव्हता. त्या वर्षी माहेरच माझ्याकडे राहायला आलं होतं. आईने नवी घागर भरली, पितरांचा घास काढला. खापरावरच्या पुरणपोळ्या घरच्या गॅसवर होत नाहीत, त्या गल्लीतल्या बाईंकडून आणल्या. रुमालासारख्या पातळ आणि ताटापेक्षा मोठ्या. आमरसाचं पातेलं भरलं. पंकज आणि मंगला जेवायला होते. आणि मुक्ताईनगरजवळच्या आमच्या गावाहून आबांचे धाकटे भाऊ नाना आले होते, आंब्यांची टोपली घेऊन.

नाना मायेचे आहेत. जेवणं झाल्यावर ते आईला म्हणाले, "वहिनी, मी ठरवलं आहे. भुसावळचं घर बंद करू. तुम्ही दोघं गावाकडं चला. भाऊचं आता काय उरलं आहे तिथं? त्याले ना बोलता येत, ना हिंडता. आमच्याकडं पडवीत खाट टाकू. खाईल-पिईल, पडून राहील."

आई माझ्याकडे बघू लागली, मी आईकडे. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच वाटलं होतं क्षणभर. आई म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण..." नाना म्हणाले, "पण काय? त्याले काय समजू राहिलं आता? आपणच ठरवायला पाहिजे." मग पडवीत पंखा कुठे लावायचा, खाट कोणती, डॉक्टर कुठला, अशी बोलणी सुरू झाली. आबा आम्हा सगळ्यांच्या मध्ये बसलेले होते.

त्यांनी डावा हात डोक्याच्या वर सरळ उचलला.

नाना बोलतच होते. त्यांना ती खूण माहीत नव्हती. पण मंगलाने समोरच्या पेल्यावर चमच्याने एकच टोला मारला. खणकन आवाज झाला. नाना दचकून गप्प झाले. आणि पंकज, माझा भांडीवाला मित्र, जो एरवी मोठ्या माणसांपुढे मान खाली घालून बोलतो, तो शांतपणे म्हणाला, "नाना, आबांनी थांबायला सांगितलंय. आबांना काही सांगायचंय."

"तो काय सांगणार?" नाना कळवळून म्हणाले.

"ते आपण ऐकू," पंकज म्हणाला.

आम्ही थांबलो. इतक्या रविवारांनी आम्हाला थांबायला शिकवलं होतं. आबांचा हात खाली आला. ओठ हलू लागले. मान आखडली, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या. नानांना ते बघवेना, ते मदतीला धावायच्या बेतात होते. "काय, पाणी पाहिजे? भाऊ, पाणी?" मंगलाने त्यांच्याकडे बघून हळूच म्हटलं, "नाना, त्यासले बठ्ठं समजस, सगळं समजस. घाई नका करा."

"मी," आबा म्हणाले.



"मी... सांगीन."

किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. पूर्वीच्या आवाजाचा तो कसाबसा एक धागा होता, पण आमच्या बैठकीच्या खोलीत त्या दिवशी त्याहून मोठा आवाज झाला नाही. आई खाली बघत होती. आबांनी श्वास घेतला, नानांकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर जागेवर ठेवल्यासारखं म्हणाले, "भु... सा... वळ." आणि थोड्या वेळाने, डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थाप मारत, "घर."

नाना उठून त्यांच्याजवळ गेले आणि गुडघ्यांवर बसले. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशांचा. "भाऊ," ते म्हणाले, "मले वाटलं तुले कळत नाही. मी काही वाईट म्हणून..." आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी रडत होते आणि माझी मान ताठ होती. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. माझ्या बापाने आपल्या घराचा निर्णय आपल्या तोंडाने सांगितला होता, आणि ज्या टेबलाला लोक पोरखेळ म्हणत होते त्या टेबलावर बसून ते तिथवर आले होते.

आबांनी मला फाशांची पिशवी आणायला लावली. वीस बाजूंचा फासा काढून नानांच्या हातावर ठेवला. आखाजीच होती, नानाही पत्त्यांचे शौकीन. फासा उलटसुलट करत ते म्हणाले, "हे काय वं? ह्याच्यात बदाम-इस्पिक कुठं आहे?" संध्याकाळपर्यंत नाना दरोडेखोरांचे सरदार झाले होते आणि आपल्याच सख्ख्या भावाच्या चौकीवर हल्ला चढवत होते. पहारेकऱ्याने त्यांना दोनदा पकडलं. नानांनी दोन्ही वेळा फासा वाकडा आहे असा आरोप केला.

पावसाळा लागला तसे आई-आबा भुसावळला परतले. आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, जिथे रात्रंदिवस गाड्यांचे आवाज येतात. ते चमत्कार होऊन पूर्वीसारखे बोलू लागले, असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. आजही त्यांचं वाक्य तीन-चार शब्दांच्या पुढे जात नाही. पाण्याला अजूनही कधी खिडकी म्हणतात, आणि मग स्वतःच हात हलवून ते पुसून टाकतात. उजवा पाय ओढतातच. पण त्या घरात त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. विचारायचं ते त्यांना विचारतात आणि थांबतात. आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला तशी शिस्तच लावली आहे.

त्यांचे जुने सोबती, निवृत्त ड्रायव्हर आणि एक गार्डसाहेब, झटक्यानंतर यायचे बंद झाले होते. काय बोलावं ते कळत नाही म्हणून. आता ते पुन्हा येतात. आधी मेंढीकोट खेळायचे, मग आबांनी त्यांना गोष्टीवर आणलं. आणि सूत्रधार आबाच आहेत. बोलता न येणारा सूत्रधार कसा, असं मलाही वाटलं होतं. पाहिल्यावर कळलं. आबा फरशीवर खडूने रूळ, नदी, बोगदा काढतात. खेळणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, आबांनी हो-नाही करायचं, मध्येच एखादा शब्द टाकायचा. "धूर." "पूल... नाही." एवढ्यावर ती सत्तरीची माणसं खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसतात. गोष्ट आबांच्या डोक्यात असते आणि बाकीचे ती खणून काढतात. पंकज एकदा बघायला आला होता. परत जाताना गाडीत म्हणाला, "मी फार बोलतो गं खेळताना."

हल्ली जळगावात एका सभागृहात आम्ही सुटीच्या दिवशी टेबलं मांडतो. कॉलेजची मुलं येतात, दुकानदार येतात, जिन्यातल्या त्या शेजारीणबाईही एकदा आल्या आणि साथीचा रोग थोपवून गेल्या. कोणी विचारतं, हे सगळं तुम्ही का करता? मी छंद म्हणून सांगते. त्याहून मोठं कारण द्यायची मला गरज वाटत नाही. माणसांनी एका टेबलाभोवती बसावं, आपला डाव येईपर्यंत थांबावं आणि दुसऱ्याचा डाव मनापासून बघावा, ह्यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही.

परवा संध्याकाळी फोन वाजला. आईचा नंबर होता. मी "बोल गं" म्हटलं. पलीकडून कोणी बोललं नाही, फक्त श्वास ऐकू आला. आबांसाठी फोन ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. फोनवर हात दिसत नाहीत, भुवया दिसत नाहीत, खडू चालत नाही. झटका आल्यापासून ते कधी फोनवर आले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले आणि एक शब्दही मध्ये घातला नाही.

"आखाजी," आबा म्हणाले. मागून मालगाडी जात होती. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"ये. एक... गडी... कमी."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच पुढचं सांगून टाकलं.

"उशीर नको," ते म्हणाले, एका दमात, आणि फोन ठेवला.